सुकतीच्या तोंडी

"गे कुंदा, पलीकडे हो. ह्या मढा वरसून पडला तर..."

मला बाजूला करता करता बस्त्यांव मिस्त्रीने जीभ चावली. साखळी धरलेले चौघे जागच्या जागी थांबले. माडाच्या तीन खांबांचं तिकाटणं करून त्याला साखळी लावली होती आणि त्या साखळीला आमच्या 'सातेरीप्रसाद' होडीचं जुनं इंजिन लोंबकळत होतं. त्यातून काळं तेल वाळूवर ठिबकत होतं.

"माफ कर हां रुपाजी," मिस्त्री माझ्या वडिलांना, आबांना म्हणाला. "माझ्या तोंडाक कुलूप नाय. माझी बायल पण ह्याच सांगता."

"खेच तू," आबा म्हणाले.

आमच्या घरात सुतक फिटून आठवडाही झाला नव्हता. कोजागिरीनंतरच्या तृतीयेला आई गेली होती. दिवाळी आली आणि गेली. शेजारणींनी फराळाची ताटं आणून दिली, ती मी तशीच झाकून ठेवली. मी तेव्हा कोल्हापूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. कोजागिरीसाठी म्हणून दोन दिवस आले होते, ती रजा वाढवत राहिले होते.

इंजिन वाळूवर टेकलं. मिस्त्रीने बाजूला बसून त्याच्यात टॉर्च मारला आणि मान हलवली. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता की दोन्ही मिळून एकच लोखंड झालं होतं.

"असा मी पयल्यांदा बघतंय. किती दामटल्यान ह्याका! दिगू खंय आसा?"

माझा भाऊ दिगू घराच्या मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. ते इंजिन त्याच्या हाताखालचं होतं. गेली दहाएक वर्षं तोच ते खोलायचा आणि जोडायचा. आई त्याला म्हणायची, "लगीन कशाक करतंस? घरात बायल आसा मा. फक्त डिझेल पिता." श्रावणात, होड्या पाण्यात उतरवायच्या आधी, आबांनी त्याला सांगितलं होतं की यंदा हे काढ आणि मोठं घाल. दिगू हसला होता. "आबा, ह्या माका वळखता. आजून दोन वर्सां काय एक होवचा नाय." त्याने रिंगा बदलल्या, हेड घासलं, इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि नारळी पौर्णिमेला पहिल्या फेरीत सुरू करून दाखवलं. आबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या तृतीयेला दुपारी जेवणं झाल्यावर आईच्या छातीत कळ आली. तालुक्याचा दवाखाना खाडीच्या आत, बंदराला लागून. पुलाचा एक खांब पावसात खचला होता, म्हणून रस्त्याने जायचं तर डोंगराला मोठा वळसा. समुद्राने गेलं तर किनाऱ्याकिनाऱ्याने खाडीच्या तोंडापर्यंत आणि तोंडातून आत, की बंदर. आम्ही आईला होडीत घातलं. किनाऱ्यावरच्या सातेरीच्या देवळाची शेवटची पायरी तेव्हा नुकतीच पाण्यातून उघडी पडली होती. म्हणजे सुकती लागली होती.

सुकती म्हणजे ओहोटी. पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी भरतं तेवढ्याच जोराने उतरतं, आणि खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावतं. तोंडाशी एक खडक आहे, त्याला कोंबडा म्हणतात. पाणी उतरू लागलं की आधी त्याचा तुरा दिसतो, मग मान. मान सुकली की शहाणा माणूस होडी आत घालत नाही.

आम्ही तोंडाशी पोचलो तेव्हा तुरा दिसत होता. आबा सुकाणूवर होते, दिगू इंजिनापाशी. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझी बोटं तिच्या मनगटावर. दिगूने रेस पूर्ण ओढली. होडी पाण्याशी झोंबत इंचाइंचाने सरकत होती. बंदरावरची माणसं दिसत होती, त्यांच्या हातातल्या टोपल्यासुद्धा दिसत होत्या. मग इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि ते थांबलं.

पाण्याने होडी फिरवली आणि परत समुद्राकडे नेली. दिगू उघड्या हातांनी तापलेलं चाक फिरवू पाहत होता. माझ्या बोटांखालची नाडी थांबली तेव्हा मी वर पाहिलं. कोंबड्याची मान सुकली होती.

दुसऱ्या होडीने आम्हाला ओढून नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली आणि म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." सगळेच डॉक्टर म्हणतात तसंच. पण दिगूने ते वाक्य उचललं आणि उराशी धरलं.

तो जेवेनासा झाला. हाताच्या तळव्यांवरचे फोड तो कुणाला धुऊ देत नव्हता. एका संध्याकाळी मी कपडे काढायला परसात गेले, तर तो सुकतीत छातीभर पाण्यात उभा होता, समुद्राकडे तोंड करून. लाट येऊन खांद्यावरून जात होती तरी हात वर करत नव्हता. मी आबांना बोलावलं. त्यांनी त्याला हाक मारली नाही. ते धोतरासकट पाण्यात शिरले, त्याचा दंड धरला आणि बैलाला गोठ्यात आणावं तसं त्याला घरी आणलं. त्या रात्री ते त्याच्या उशाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बस्त्यांव मिस्त्रीला निरोप धाडला.

नवीन इंजिन टेम्पोतून आलं. हिरवं, चकचकीत, जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. मिस्त्रीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"रुपाजी, ही म्हशीच्या जाग्यार हत्तीण आणलंस तू. होडी जुनी आसा. पायो बदलूक व्हयो, नायतर हादऱ्यान फळ्यो सुटतल्यो."

"बदल."

"पंखो पण मोठो लागतलो. शाफ्ट पण."

"घाल."

"माका वाटला व्हता, तू जरा भांडशीत," मिस्त्री म्हणाला. "भांडल्याशिवाय काम करूक मजा नाय रे." पण त्याने आबांकडे पाहिलं आणि करवत उचलली.

सागाचे नवे ओंडके तासून इंजिनाखालचा पाया बसला. फळ्यांच्या सांधींत कापूस आणि राळ भरून झाली. मी रोज दुपारी चहा घेऊन जायची. एके दिवशी मिस्त्री माडाखाली डुलकी काढत होता आणि आबा एकटेच होडीत, नव्या पायावर तळहात ठेवून बसले होते.

"कुंदा, बस."

मी बसले.

"दिगून तुका विचारल्यान काय? ह्या इंजिन असता तर..."

"विचारल्यान."

रोजच विचारत होता. मी भात वाढायला गेले की भिंतीकडे तोंड करूनच विचारायचा, "तू शिकलंस मा? मगे सांग. पोचलो असतो?"

"काय सांगितलंस?"

"करून बघल्याशिवाय सांगाक येवचा नाय, असा सांगितलंय."

आबांनी सागावरचा हात उचलला. "आणि माका काय सांगशीत?"

त्यांच्याशी मला तसं बोलता येईना. मी मनात हिशेब कधीच केला होता. तो अवघड नाही, मी वर्गात दरवर्षी फळ्यावर करते. मी फळीवरच्या भुशात बोटाने एक रेघ ओढली. इंजिनाची ताकद दुप्पट केली म्हणून होडी दुप्पट पळत नाही. लाकडी होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. जुनं इंजिन पाच पावलं पुढे न्यायचं, तर नवं फार तर सहा. पण समोरून पाणी चार पावलं मागे ढकलत असेल तर जुन्याच्या हाती एक राहतं आणि नव्याच्या हाती दोन.

"म्हणजे अर्ध्या वेळात," आबा म्हणाले. ते शाळेत चौथीपर्यंत गेले होते, पण समुद्रावरची वजाबाकी त्यांना कुणी शिकवायला नको होती. "तुरो दिसत होतो तोपर्यंत बंदराक लागलो असतो."

"होय आबा."

"डॉक्टरापाशी."

"होय."

त्यांनी भुशातली रेघ पायाने पुसली. हळूच, कोणाच्या दारातली रांगोळी चुकून विस्कटावी तशी नव्हे. नीट, पूर्ण पुसली. मग मिस्त्रीला हाक मारली.

"बस्त्यांव, रेसची दांडी लांब कर. सुकाणूपाशी आण. माझ्या हाताशी."

मिस्त्री डोळे चोळत आला. "मगे तुझो झिल दिगू काय करतलो? रेस तोच देता मा?"

"माझ्या हाताशी," आबा म्हणाले.

माणूस ज्या तिथीला जातं, त्या तिथीला आमच्याकडे महिन्याचं पान ठेवतात. सगळीकडेच ठेवतात. पण शेतातल्या माणसाला तिथी म्हणजे पंचांगातला एक दिवस. आमच्याकडे त्या तिथीला समुद्रही त्याच जागी परत येतो. तीच भरती, त्याच वेळेला सुकती, देवळाच्या त्याच पायरीवर पाणी. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला आईचं पहिलं मासिक आलं. मी वडे, भात आणि तिला आवडायची ती सुक्या बांगड्याची चटणी केली. परसात पान ठेवलं. कावळा लगेच आला नाही. दिगू दारात उभा राहून पाहत होता. शेवटी आबा पुढे झाले आणि पानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज जातंव आमी. बघून येतंव." कावळा उतरला.

मग ते दिगूकडे वळले. "उठ. होडीत चल."

"मी येवचंय नाय."

"तुका जाणून घेवचा आसा मा? पोचलो असतो की नाय? कुंदा म्हणता करून बघूक व्हया. आज तीच सुकती आसा. चल, करून बघूया."

"आणि पोचलो तर?" दिगूने विचारलं. त्याचा आवाज गंज चढलेल्या हत्यारासारखा झाला होता.

"तर पोचलो," आबा म्हणाले. "तू नाय इलंस तर मी एकटो जातंय. म्हाताऱ्याक एकट्याक सोडतलंस?"

दिगूने सदरा घातला.

देवळाची शेवटची पायरी उघडी पडायची आम्ही वाट पाहिली. पडली तसे निघालो. आबा सुकाणूवर, त्यांच्या उजव्या हाताशी ती नवी लांब दांडी. दिगू पुढे, होडीच्या टोकाशी नाळेवर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून. मी इंजिनापाशी. महिन्यापूर्वी माझ्या मांडीवर डोकं होतं त्याच जागी.

किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना इंजिन नव्या नवरीसारखं शांत चाललं. खाडीचं तोंड दिसू लागलं. आतून येणारं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांच्यामध्ये फेसाची शिवण पडली होती. कोंबड्याचा तुरा वर आला होता, त्यावर एक बगळा बसला होता.

"तुरो," दिगू म्हणाला.

"बघतंय," आबा म्हणाले आणि त्यांनी दांडी पुढे रेटली.

होडी उडाल्यासारखी पुढे गेली. धुराड्यातून काळा धूर आला, पायातला साग थरथरला, नाळेपाशी पाणी दुभंगून दोन्ही बाजूंना पांढरं उसळलं. आम्ही फेसाची शिवण ओलांडली. खडक झपाट्याने जवळ येऊ लागला. बंदर दिसलं. मला आईचं मनगट आठवलं आणि मी माझंच मनगट धरलं.

तेव्हा धूर विरळ झाला.

आवाज फार नाही, थोडासा खाली आला. नाळेपाशी उसळणारं पाणी बसलं. मी मागे पाहिलं. आबांनी दांडी मागे घेतली होती. ती ज्या खाचेतून सरकते तिच्यात पुढे चांगली चार बोटं जागा शिल्लक होती. त्यांच्या हाताच्या शिरा ताठल्या होत्या, जणू दांडी नव्हे, दाव्याला ओढ देणारं जनावर त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं एवढंच.

होडी पाण्यात उभी राहिली. इंजिन चालत होतं, पंखा फिरत होता, खाडी दोन्ही बाजूंनी आम्हाला ओलांडून समुद्राकडे धावत होती, आणि आम्ही कोंबड्याच्या बाजूला एका जागी खिळलो होतो. बगळा उडून गेला. तुऱ्याखालचा काळा, शेवाळलेला भाग एकेक बोट वर येऊ लागला.

दिगूने मागे वळून पाहिलं नाही. "आबा, रेस पुरी आसा?"

"पुरी आसा."

"कुंदा?"

मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगते की काटा जिथे आहे तिथलाच आकडा वाचायचा. तो कुठे असावा असं तुम्हाला वाटतं तिथला नाही.

"पुरी आसा," मी म्हणाले.

कोंबड्याची मान सुकली. पाणी तिच्यावरून निथळून गेलं आणि उन्हात ती चमकली. बंदर तेवढंच दूर होतं.

दिगूने दोन्ही हातांनी नाळ धरली आणि कपाळ लाकडावर टेकलं. आधी मला वाटलं त्याला उलटी होते आहे. मग आवाज आला. आई गेल्यापासून तो रडला नव्हता.

"नाय पोचलो असतो," तो म्हणत होता. "आबा, नाय पोचलो असतो."

"नाय, बाबा," आबा म्हणाले. "ह्या इंजिनान पण नाय. कसल्याच इंजिनान नाय."

त्यांनी सुकाणू फिरवलं. पाण्याने आम्हाला उचललं आणि बाहेर नेलं. त्या रात्री दिगूने मी वाढलेला भात खाल्ला. मी त्याच्या हातांना खोबरेल लावलं तेव्हा त्याने ते मागे घेतले नाहीत.

आबा पुढे सोळा पावसाळे जगले. मी सुट्टीत यायची, तेव्हा ओट्यावर बसून आम्ही माशांबद्दल बोलायचो, दिगूच्या लग्नाबद्दल, नंतर त्याच्या मुलींबद्दल. त्या दिवसाबद्दल नाही. जुनं इंजिन मिस्त्री भंगारात द्या म्हणाला होता, ते आबांनी परसात ठेवलं. त्यावर कारल्याचा वेल चढला. कधी कधी ते त्याच्यापाशी जाऊन बसत. आईला पोचवता आलं असतं, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांपैकी मी आठ महिने कोल्हापूरला असायची.

मला भीती दिगूची होती. तीच होडी, तेच इंजिन, तेच तोंड. भरतीच्या वेळीच आत यायचं, असा आबांचा दंडक असला तरी समुद्रावर दंडक किती दिवस चालणार? एखाद्या दिवशी त्याला सुकतीत आत यावं लागेल, तो रेस पूर्ण देईल, आणि होडी खडकापाशी उभी न राहता आत जाईल. दर वर्षी होड्या उतरल्या की मी फोनची वाट पाहायची.

आबांच्या अस्थी दिगूने आणि मी नेल्या. आमच्याकडे अस्थी सुकतीत सोडतात, म्हणजे पाणी त्या बाहेर नेतं. दिगू सुकाणूवर बसला होता, ती लांब दांडी त्याच्या हाताशी. माझ्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं होतं. तोंडाशी आलो तेव्हा कोंबड्याचा तुरा दिसत होता.

"वायच आत जावन सोडूया," मी म्हणाले आणि जीभ चावली.

दिगूने दांडी शेवटापर्यंत रेटली. होडी खडकाला मागे टाकून सरळ आत गेली. म्हातारं इंजिन, जुनी फळी, तरी गेली. बंदराच्या पायऱ्या एवढ्या जवळ आल्या की तिथे जाळं विणणाऱ्या माणसाने हात वर केला. मी मागे पाहिलं. तुरा अजून तुराच होता.

दिगू माझ्याकडे पाहत होता.

"इतकी वर्सां भियालंस मा?"

मी मडकं घट्ट धरलं.

"कुंदा, इंजिन अर्ध्या रेसवर कसा बोलता ता माका कळाचा नाय काय? कानान इंजिन खोलणारो मी. आबांनी दांडी मागे घेतल्यानी तेव्हाच कळला."

"मगे विचारलंस कशाक? पुरी आसा काय म्हणून?"

"तुमी दोघा काय सांगतास ता ऐकूक," तो म्हणाला. त्याने तोंड पुसलं. "आबा आयुष्यात खोटा बोललो नाय. माशाच्या वजनात नाय, कोणाक भिवन नाय. माझ्यासाठी बोललो. आणि तुका पण बोलूक लावल्यान. मगे त्या सांजेसारखा परत पाण्यात जावक माका त्वांड ऱ्हवला नाय."

त्याने होडी थोडी मागे येऊ दिली, खडकाच्या बाजूला. मग नाळ खाडीकडे ठेवूनच त्याने दांडी मागे घेतली, हळूहळू, एकेक बोट, होडी पाण्यात उभी राहीपर्यंत. मी फडकं सोडलं. मडकं तिरकं केलं. राख पाण्याला लागली, क्षणभर होडीपाशी फिरली, आणि कोंबड्याला वळसा घालून समुद्राकडे गेली.

दिगूने खडकाकडे तोंड केलं होतं. त्याचा हात दांडीवर होता. खाचेत चार बोटं जागा शिल्लक होती.

"कुंदा," त्याने न वळता विचारलं, "रेस पुरी आसा?"

"पुरी आसा," मी म्हणाले.